डोकं, गोडी आणि साठा

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत मराठी कानावर पडते आणि तिच्याबरोबर अहिराणीही. धुळे, नंदुरबार, जळगावकडून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबं इथे पिढ्यांपासून स्थिरावली आहेत. कुणी कापड मार्केटात आहे, कुणी एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर, कुणी लूमवर, कुणी हिरे घासायच्या घंटीवर. त्यांच्या मुलांसाठी सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळा आहेत. ही समिती गुजराती, हिंदी, उर्दू, मराठी, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून शाळा चालवते. मराठी घरांत मुलांच्या अभ्यासाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "पोराला डोकं आहे, पण अभ्यासात लक्ष नाही." दुसरं, "पोरगी मन लावून बसते, पण तिला झेपत नाही."

मानसशास्त्र शंभराहून अधिक वर्षं ज्या प्रश्नाशी झगडतं आहे, तो या दोन वाक्यांत आहे. शिकण्यात बुद्धीचा वाटा किती आणि आवडीचा किती? दोन्ही आपापलं काम स्वतंत्रपणे करतात, की एकमेकींच्या आधाराने? या प्रश्नावरच्या संशोधनाचा हा आढावा आहे. तो घेताना माझं मत असं बनलं की बुद्धी आणि आवड यांची नुसती बेरीज मांडून भागत नाही. दोघींना जोडणारी तिसरी गोष्ट आहे, ती म्हणजे त्या विषयाचा मनात साठत गेलेला ज्ञानाचा साठा. बुद्धी असली की पहिली पावलं झपाझप पडतात. आवड असली की मूल वाटेवर टिकतं. टिकल्यामुळे जे साठतं, तेच पुढे लोकांना 'हुशारी' म्हणून दिसतं. आणि हा साठा करण्याची संधी कुणाला मिळते, हे मुलाच्या हातात फार थोडं असतं.

बुद्धी मोजताना काय सापडलं

१९०४ मध्ये चार्ल्स स्पिअरमन यांनी दाखवून दिलं की शाळेतल्या वेगवेगळ्या विषयांतली मुलांची कामगिरी बहुधा एकत्र वर-खाली होते. भाषेत पुढे असलेलं मूल गणितातही सरासरीच्या पुढे असण्याचा संभव जास्त. यामागे एक सामान्य बौद्धिक क्षमता असावी, असा त्यांचा निष्कर्ष. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी पहिली उपयोगी बुद्धिमापन चाचणी तयार केली. कोणत्या मुलांना शाळेत जास्तीची मदत लागेल हे ओळखणं, हा तिचा हेतू. मुलावर कायमचा शिक्का मारणं बिने यांना मान्य नव्हतं; सरावाने आणि योग्य शिकवण्याने मुलांची क्षमता वाढते, असं ते मानत.

ही चाचणी मराठीत यायला फार वर्षं लागली नाहीत. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचा त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. बिने-कामत चाचणी आजही समुपदेशकांच्या वापरात आहे. नागपुरात आर्थर मालिन यांनी वेक्स्लर यांच्या चाचणीचं भारतीय रूप १९६९ मध्ये तयार केलं. या चाचण्यांचे आकडे हलक्याने घेऊ नयेत. इंग्लंडमध्ये इयन डिअरी आणि सहकाऱ्यांनी सत्तर हजारांहून अधिक मुलांची अकराव्या वर्षीची बौद्धिक क्षमता आणि सोळाव्या वर्षीचे शालान्त परीक्षेचे निकाल ताडून पाहिले. दोहोंतला सहसंबंध ०.८१ निघाला (२००७). समाजशास्त्रीय अभ्यासांत इतका घट्ट संबंध क्वचित दिसतो.

वर्गात ही क्षमता कशी दिसते? शाब्दिक उदाहरण वाचताना मुलाला दिलेले आकडे लक्षात ठेवायचे असतात, काय विचारलं आहे ते धरून ठेवायचं असतं आणि मधला गुणाकारही करायचा असतो. हे सगळं एकाच वेळी पेलणारी जी मानसिक जागा आहे, तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. ती फार लहान असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिचा आवाका सातच्या आसपास सांगितला. नंतरच्या संशोधनाने तो चारच्या जवळ आणला. काही मुलांची ही जागा जरा ऐसपैस असते, काहींची अरुंद. नवा धडा सुरू होतो तेव्हा हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. 'पोरगी मन लावून बसते, पण झेपत नाही' या वाक्यामागे अनेकदा हीच अडचण असते. मेहनतीत ती कुठेच कमी नसते. एका वेळी तिच्यापुढे येणाऱ्या नव्या गोष्टी तिच्या आवाक्यापेक्षा जास्त असतात.

आवडीचा अभ्यास

शिकवण्याचं एक उद्दिष्टच मुलांत बहुविध रुची निर्माण करणं हे आहे, असं योहान हेर्बार्ट यांनी १८०६ मध्ये मांडलं. जॉन ड्युई यांनी १९१३ मध्ये आवड आणि प्रयत्न या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. कंटाळवाण्या धड्याला वरून गोडवा चोपडणं त्यांना पसंत नव्हतं. मूल ज्या कामात गुंतलं आहे, त्याच कामाच्या ओघात शिकणं आलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

अलीकडच्या काळात सुझान हिडी आणि अ‍ॅन रेनिंजर यांनी २००६ मध्ये आवडीचे चार टप्पे मांडले. पहिला टप्पा ठिणगीचा. सुरतेच्या सिटीलाइट भागातल्या विज्ञान केंद्रात, तारांगणाच्या अंधारात डोक्यावर आकाश उघडतं, तेव्हा डिंडोलीहून आलेल्या मुलाच्या तोंडाचा आ होतो, तो हा टप्पा. दुसऱ्यात बाहेरचा आधार ती आवड टिकवतो: शिक्षक पुन्हा विषय काढतात, मित्र बरोबर असतो, हाताशी एखादं पुस्तक असतं. तिसऱ्यात मूल स्वतःहून प्रश्न विचारू लागतं. चौथ्यात ती आवड त्याच्या ओळखीचा भाग होते आणि अडचण आली तरी ते सोडत नाही. पहिले दोन टप्पे जवळजवळ पूर्णपणे परिस्थितीवर अवलंबून असतात. वर्षातून एकदा सहल नेऊन परत आणलं की ठिणगी तिथेच विझते. 'मुलाला कशाचीच आवड नाही' अशी तक्रार करण्यापूर्वी त्याला कशाकशाची ओळख करून दिली होती, हे विचारायला हवं.

आवडीचा निकालाशी संबंध किती? उलरिख शीफेले, आंद्रेआस क्राप आणि आडोल्फ विंटेलर यांनी १९९२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. विषयाची आवड आणि त्यातलं यश यांचा सहसंबंध सरासरी ०.३० च्या आसपास निघाला. बुद्धीच्या आकड्यापुढे हा लहान दिसतो. पण तो एका क्षणाचा आकडा आहे, आणि आवडीचं काम वर्षानुवर्षांच्या मुदतीत चालतं.

कुतूहल जागं असताना मेंदूत काय घडतं, हे मथियास ग्रूबर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये पाहिलं. ज्या प्रश्नांचं उत्तर जाणून घ्यायची उत्सुकता होती त्यांची उत्तरं लोकांच्या अधिक लक्षात राहिली, हे अपेक्षितच होतं. विशेष म्हणजे उत्तराची वाट पाहताना मध्येच दाखवलेले, प्रश्नाशी काडीचाही संबंध नसलेले चेहरेही त्यांना अधिक चांगले आठवले. उत्सुकता जागी झाली की लक्षात ठेवण्याची यंत्रणाच अधिक सजग होते, असं यावरून दिसतं.

दोघींची गाठ कुठे पडते

रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन प्रकार मानले. एक तरल: नवा प्रश्न समोर आला की तर्काने वाट काढणारी. दुसरी साकळलेली: शब्दसंपत्ती, माहिती, रीती यांच्या रूपाने साठलेली. तरल बुद्धी माणूस कुठेतरी गुंतवतो आणि त्यातून साकळलेली बुद्धी तयार होते, असा त्यांचा सिद्धान्त. ही गुंतवणूक कुठे होणार, हे ठरवण्यात आवडीचा हात मोठा असतो. फिलिप अ‍ॅकरमन यांनी १९९६ मध्ये हेच सूत्र पुढे नेऊन प्रौढांची बुद्धी मुख्यतः ज्ञानाच्या साठ्यात पाहावी आणि त्या साठ्यामागे क्षमता, स्वभाव व आवड तिन्ही असतात, असं मांडलं.

या सिद्धान्ताला बळ देणारा एक प्रयोग जर्मनीत झाला. वोल्फगांग श्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये तिसरी, पाचवी आणि सातवीच्या मुलांना फुटबॉलच्या सामन्याची एक गोष्ट दिली. गोष्टीत काही दुवे मुद्दाम गाळले होते आणि काही विसंगती पेरल्या होत्या. मुलांचे चार गट होते: फुटबॉलचे जाणकार आणि अजाण, आणि या दोन्हींत भाषिक क्षमतेने वरचे आणि खालचे. गोष्ट किती आठवते, गाळलेले दुवे मूल स्वतः जोडतं का, विसंगती त्याला खटकतात का, हे तपासलं. क्षमतेच्या चाचणीत खाली असलेली पण फुटबॉल कोळून प्यायलेली मुलं, चाचणीत वर असलेल्या पण फुटबॉल न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. जाणकार मुलांमध्ये तर वरच्या आणि खालच्या क्षमतेच्या मुलांत म्हणण्यासारखा फरकच उरला नाही.

याच्याही आधी, १९७८ मध्ये, मिशेलिन ची यांनी बुद्धिबळ खेळणाऱ्या दहा-साडेदहा वर्षांच्या मुलांची प्रौढांशी तुलना केली होती. आकड्यांच्या रांगा लक्षात ठेवण्यात प्रौढ पुढे होते. पटावरची मांडणी लक्षात ठेवण्यात मुलं. याचं कारण सरळ आहे. जाणकाराला पटावर वीस सोंगट्या सुट्या दिसत नाहीत, चार-पाच ओळखीच्या रचना दिसतात. कार्यकारी स्मृतीची जागा तेवढीच राहते, पण ज्ञानामुळे तीत जास्त मावतं. डोक्याची जी मर्यादा जन्मभर साथ सोडत नाही असं वाटतं, तिला साठ्यामुळे अशी बगल देता येते.

इथे एक सावधगिरी हवी. श्नायडर यांनीच डेव्हिड बियॉर्कलंड यांच्यासह १९९२ मध्ये पुढचा प्रयोग केला. शब्दांची वर्गवारी करून ते आठवण्याचं, म्हणजे पद्धत वापरावी लागणारं काम दिलं, तेव्हा जाणकार मुलांतही क्षमतेचा फरक दिसलाच. म्हणजे साठा बरीच भरपाई करतो, सगळी करत नाही. आवड असली की बुद्धीचं काहीच चालत नाही, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

काळाचा हिशेब कोऊ मुरायामा आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सापडतो (२०१३). बव्हेरियातल्या तीन हजारांहून अधिक मुलांचं गणित त्यांनी पाचवीपासून दहावीपर्यंत तपासलं. मूल सुरुवातीला कुठे उभं आहे, याचा बुद्धीशी घट्ट संबंध होता. त्या जागेवरून ते किती पुढे सरकलं, हे मात्र बुद्धीवरून सांगता आलं नाही. ते सांगता आलं गणिताची आंतरिक ओढ, 'मला हे जमवता येईल' हा विश्वास आणि समजून घेऊन अभ्यास करण्याची सवय यांवरून. डिअरी यांचा ०.८१ आणि मुरायामा यांचा निष्कर्ष एकमेकांना खोडून काढत नाहीत. पहिला मुलांचा आपसांतला क्रम सांगतो, दुसरा त्या क्रमातून वर सरकणाऱ्या मुलाचं बळ कशात आहे ते सांगतो.

बाजारातलं गणित, वहीतलं गणित

सुरतेत हे सगळं डोळ्यांसमोर घडतं. हिरा घासायला शिकणारा तरुण घंटीवर बसतो, पकडीतला हिरा फिरत्या सरणीवर टेकवतो, उचलतो, आयग्लासमधून पाहतो, पुन्हा टेकवतो. गोल ब्रिलियंट हिऱ्याला ५७ पैलू. प्रत्येकाचा कोन, प्रत्येकाची शेजारच्याशी जुळणारी धार. नवख्याला आयग्लासमधून नुसती चमक दिसते. मुरलेल्या रत्नकलाकाराला कुठला पैलू किंचित जास्त घासला गेला, ते एका नजरेत कळतं. ही नजर वर्षानुवर्षांच्या पाहण्यातून, चुकण्यातून आणि शेजारी बसलेल्या जाणत्याच्या टोकण्यातून येते. बुद्धिबळाच्या पटावर ची यांना जे दिसलं, तेच इथे हिऱ्यावर दिसतं.

पण अशी तयारी एका ठिकाणाहून दुसरीकडे आपोआप जात नाही. ब्राझीलमधल्या रेसिफी शहरात तेरेझिन्या काराहेर, डेव्हिड काराहेर आणि अनालुसिया श्लीमान यांनी १९८५ मध्ये रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३५ ला एक नारळ, तर दहाचे किती? बारा वर्षांच्या मुलाने तीनचे १०५ धरले, आणखी तीन मिळवून २१० केले, मग ३१५ आणि शेवटी ३५०. धंद्याच्या जागी या मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तशीच गणितं शाब्दिक उदाहरणं म्हणून दिली तेव्हा ७४ टक्के, आणि नुसती आकडेमोड कागदावर दिली तेव्हा ३७ टक्के. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांवर अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्युफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. बाजारात गुंतागुंतीचा हिशेब तोंडी करणारी मुलं पुस्तकी गणितात अडखळली. शाळेत शिकणारी, बाजारात न राबणारी मुलं पुस्तकी गणितात बरी होती, पण बाजाराचा हिशेब त्यांना तितक्या चटकन जमला नाही.

लिंबायतच्या चाळीत आई साड्यांचे धागे कापण्याचं, खडे-टिकल्या चिकटवण्याचं काम घरी आणते. मुलगी शाळेतून आली की हात लावते आणि आठवड्याची मजुरीही तीच मोजते. समजा, साडीला ८ रुपये आणि ३५ साड्या. दहाचे ८०, तीस म्हणजे २४०, वर पाचचे ४०, झाले २८०. हीच मुलगी वहीत ३५ × ८ मांडताना हातचा चुकवते आणि तिच्या नावापुढे 'गणितात कच्ची' असं लागतं. तिने घरी जे केलं त्याला गणितात वितरणाचा नियम म्हणतात, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. तिच्या साठ्यावरून शाळेच्या गणिताकडे नेणारा पूल कुणीतरी बांधावा लागतो. 'नेचर'मधल्या अभ्यासाचा बोध हाच आहे: तो पूल आपोआप तयार होत नाही.

क्रिकेटही असाच साठा आहे. पाचवीतल्या मुलाला १९.५ षटकांनंतर २० वं षटक पूर्ण व्हायला एकच चेंडू उरतो, हे झोपेतही सांगता येतं. दशांश अपूर्णांकात मात्र १९.५ नंतर १९.६ येतो. शिक्षकांनी हे दोन्ही फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून 'इथे फरक का पडला?' असं विचारलं, तर षटकात सहा चेंडू आणि दशांशात दहा भाग, या भेदातून स्थानिक किंमत लख्ख कळते. न विचारता सोडलं, तर तेच क्रिकेट दशांश चुकवायला कारणीभूत होतं. आवड धड्याच्या दारापर्यंत आणते. आत नेण्याचं काम शिक्षकाचं. कँडेस वॉकिंग्टन यांनी २०१३ मध्ये नववीच्या मुलांना त्यांच्या आवडीच्या विषयांवर बेतलेली बीजगणिताची उदाहरणं दिली, तेव्हा अवघड भागांत त्याचा फायदा अधिक दिसला. कारण तिथेच परिस्थिती समजून घेण्याचं ओझं हलकं होणं गरजेचं असतं.

भाषेचं ओझं

सुरतेच्या मराठी मुलाच्या बाबतीत आणखी एक थर आहे. घरी आजी अहिराणी बोलते, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, शाळेत प्रमाण मराठी. इतक्या भाषा कानावर असणं ही श्रीमंतीच आहे. पण पाठ्यपुस्तकाची बोजड मराठी वाचताना वाक्याचा अर्थ लावण्यातच कार्यकारी स्मृतीची जागा भरून जात असेल, तर विज्ञानासाठी काय उरणार?

या प्रश्नावर मोलाचं काम खुद्द खानदेशात झालं आहे. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये स्थापन झालं. वि. गो. कुलकर्णी त्याचे संस्थापक-संचालक. केंद्राने १९७० च्या दशकात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांत काम उभं केलं. पाठ्यपुस्तकांची भाषा हा विज्ञान शिकण्यातला मोठा अडथळा आहे, आणि ती सोपी केली की मुलांची समज वाढते, हे या काळातल्या त्यांच्या कामातून पुढे आलं. पुढे मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या वंचित घरांतल्या मुलांबरोबर केंद्राने काम केलं, तेव्हा योग्य मदत मिळाली की ही मुलं शालान्त परीक्षेत उत्तम यश मिळवतात, हेही दिसलं. ज्या गावांतून माणसं उधन्याला येतात, त्याच मातीत हा धडा तयार झाला आहे. सुरतेच्या मराठी शाळांनी तो हक्काने घ्यावा.

आवडीच्या नावाखाली

आवडीला महत्त्व देताना काही भ्रम पसरतात. धड्यात गमतीजमती कोंबल्या की मुलं रमतात, हे खरं. पण शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर यांनी १९९८ मध्ये दाखवलं की विषयाशी नातं नसलेले मनोरंजक तपशील घातले तर मुख्य मुद्दा कमी लक्षात राहतो. मुलाला वीज पडून झालेल्या अपघाताची गोष्ट आठवते, वीज कशी तयार होते ते नाही.

दुसरा भ्रम बक्षिसांचा. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांच्या १९७३ च्या प्रयोगात, आवडीने चित्रं काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना 'चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल' असं आधी सांगितलं. पुढे मोकळ्या वेळेत हीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. जिथे गोडी मुळातच आहे, तिथे आमिष दाखवलं की ती पातळ होते.

तिसरा भ्रम 'माझं मूल पाहून शिकतं, तुमचं ऐकून' हा. हॅरल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध पुरावा तपासला. शिकण्याच्या अशा शैलीनुसार शिकवल्याने फायदा होतो, असं म्हणायला पुरेसा आधार मिळाला नाही. चौथा आणि सर्वांत महागडा भ्रम बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि कल सांगणाऱ्या चाचण्यांचा. त्यांना शास्त्रीय आधार नाही. घाम गाळून मिळवलेले पैसे आई-बापाने अशा अहवालावर घालवू नयेत. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' असं आपण म्हणतो. पण पाळण्यात दिसतो तो फार तर चालण्याचा वेग. मूल कुठल्या वाटेवर रमेल, हे त्याला वाटा दाखवल्याशिवाय कळत नाही.

गोडी लावणाऱ्यांची परंपरा

आवड लावता येते, हे सिद्ध करणारं मोठं काम गुजरात आणि महाराष्ट्र यांच्या सांध्यावरच झालं आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक राजकोटची मुख्याध्यापिकेची नोकरी सोडून त्यांच्याबरोबर काम करायला गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. 'शिक्षणपत्रिका' गिजुभाई गुजरातीत चालवत, मराठीत ताराबाई. १९४५ मध्ये ताराबाईंनी गुजरातच्या सीमेलगतच्या बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेलं.

तिथे त्यांनी माँटेसोरीचं महागडं साहित्य बाजूला ठेवून शिंपले, बिया, खडे, पानं यांतून साधनं बनवली. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा पाड्याच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. मुलाच्या हातात आधीच जे आहे, तिथून सुरुवात करायची आणि अक्षर-अंकापर्यंत न्यायचं, ही त्यांची रीत होती. हिडी आणि रेनिंजर यांनी पुढे ज्याला टप्पे म्हटलं, ते या बायांनी पाड्यावर जगून दाखवलं. ओळखीच्या वस्तूने ठिणगी पाडायची, रोजच्या भेटीने ती टिकवायची, लहान यशाने मुलाला स्वतःच्या पायांवर उभं करायचं.

यातून काय घ्यायचं

पहिली गोष्ट पायाची. वाचन आणि मूलभूत अंकगणित हे आवडीवर सोडण्याचे विषय नाहीत. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये दाखवल्याप्रमाणे, लवकर वाचायला लागलेलं मूल जास्त वाचतं, त्यामुळे शब्द वाढतात, त्यामुळे वाचन सोपं होतं. मागे राहिलेल्याच्या बाबतीत हेच चक्र उलटं फिरतं. इथे मुलाची ओढ जागी व्हायची वाट पाहत बसणं म्हणजे अंतर वाढू देणं. पायऱ्या लहान करून, एका वेळी एकच नवी गोष्ट देऊन, चुकलं तिथे लगेच सावरून शिकवलं, तर अरुंद जागेतूनही मूल पुढे जातं. आणि जमू लागलं की गोडी लागते. आधी गोडी, मग यश, असा एकच क्रम नसतो. अनेकदा लहानसं यश आधी येतं.

दुसरी गोष्ट साठ्याची दखल घेण्याची. शिक्षकांनी वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाला 'तुला कशातलं सगळ्यांत जास्त माहीत आहे?' असं विचारावं. कुणी पतंगाच्या मांज्याविषयी सांगेल, कुणी एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनविषयी, कुणी गावच्या कापसाविषयी. ती यादी म्हणजे वर्षभराच्या उदाहरणांची खाण आहे. मजुरीचा हिशेब फळ्यावर मांडून त्यातला नियम दाखवला, तर 'कच्ची' मुलगी त्या दिवशी वर्गाची जाणकार ठरते. त्या अनुभवाचं मोल एखाद्या चाचणीच्या गुणांहून कमी नाही.

तिसरी गोष्ट पालकांसाठी. 'डोकं आहे, पण लक्ष नाही' या मुलाला रागावण्याने लक्ष येणार नाही. त्याला त्याच्या आवाक्याच्या जरा वरचं काम आणि त्यात सोबत देणारं माणूस द्या. 'मन लावते, पण झेपत नाही' या मुलीला आणखी दोन तास बसवू नका. धड्याचे तुकडे करा, अवघड शब्द आधी तिच्या घरच्या बोलीत समजावा. दोघांनाही महापालिकेच्या वाचनालयात न्या, विज्ञान केंद्रात न्या, आणि एकदा नेऊन थांबू नका.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिक्षणाचा आग्रह धरला आहे. सुरतेसारख्या सात माध्यमांच्या शहरात हा आग्रह कागदावर राहता कामा नये. मराठी शाळेतल्या मुलाला चांगली मराठी पुस्तकं, प्रयोगाचं साहित्य आणि त्याची बोली समजणारा शिक्षक मिळाला, तर त्याच्या बुद्धीला कामाला लावायची जागा मिळेल. बुद्धी कमी-जास्त असते, हे मान्य करून पुढे जायला हवं. आवडही सगळ्यांची सारखी नसते. पण आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? मुलाच्या आडात काय आणि किती साठू द्यायचं, हे ठरवणारे आपण मोठे आहोत. मूल हुशार आहे की नाही याचा निवाडा करण्याआधी आपण आपलं हे काम पुरं केलं आहे का, हे प्रत्येक शाळेने आणि प्रत्येक घराने तपासलं पाहिजे.